हलते चित्र अडते कुठे?

ईमेलमध्ये घातलेले हलते चित्र समोरच्याला नीट दिसले नाही की तक्रार एकाच वाक्यात येते : "जीआयएफ चालत नाही." या वाक्याखाली निदान चार वेगळे प्रकार दडलेले असतात. चित्राच्या जागी रिकामी चौकट येते. चित्र दिसते पण हलत नाही. एकदा हलते आणि थांबते. किंवा हलते, पण इतके रखडत की न हललेले परवडले. चारही प्रकारांची कारणे वेगळी, ती घडण्याच्या जागा वेगळ्या आणि उपायही वेगळे. शिवाय यांतल्या पुष्कळ प्रकारांत बिघडलेले काहीच नसते. कुणीतरी, कधीतरी, विचार करून ते चित्र थांबवायचे ठरवलेले असते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी चित्र कुणी थांबवले आणि तसे करण्याचा त्याला अधिकार होता का, हे पाहणे उपयोगाचे ठरते. बिघाड असेल तर तो पाठवणाऱ्याने दुरुस्त करावा. वाचणाऱ्याचा निर्णय असेल तर त्याच्याभोवती वाट काढण्याऐवजी मजकुराची मांडणी बदलावी.

पहिला तपास फाइलचाच. जीआयएफ हे स्वरूप कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये आणले. मोडेमवरून रंगीत चित्र लवकर पोचावे एवढाच तेव्हाचा हेतू होता. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे ८९ए मध्ये, प्रत्येक फ्रेमनंतर किती वेळ थांबायचे हे लिहिण्याची सोय आली आणि हलत्या चित्राचा रस्ता मोकळा झाला. तरी हे स्वरूप ॲनिमेशनचे साधन म्हणून अभिप्रेत नाही, मर्यादित प्रमाणात ते करता येईल इतकेच, अशी कबुली त्या आवृत्तीच्या तांत्रिक दस्तऐवजातच दिलेली आहे. चित्र पुन्हापुन्हा फिरवण्याची सोय तर त्यातही नव्हती. ती १९९० च्या दशकाच्या मध्यावर नेटस्केप ब्राउझरने आपल्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतःहून घातली. फाइलमध्ये 'नेटस्केप२.०' अशी अकरा अक्षरांची खूण आणि तिच्यामागे फेऱ्यांची संख्या. संख्या शून्य असेल तर चित्र अखंड फिरते. नेटस्केप ब्राउझरचा आधार २००८ मध्ये संपला, पण आजही फिरत्या जीआयएफच्या पोटात त्याचे नाव असतेच. ही खूण नसेल तर चित्र एकदा हलून थांबते. तिसऱ्या प्रकारच्या तक्रारीचे सर्वांत साधे कारण हेच, आणि ते ईमेलमध्ये शोधून सापडणार नाही. चित्र ज्या प्रोग्राममध्ये केले त्यात 'कायम फिरवा' हा पर्याय निवडून फाइल पुन्हा काढावी लागते.

पुष्कळदा फाइल मुळात जीआयएफ नसतेच. व्हॉट्सॲपवर जी हलती शुभेच्छापत्रे फिरतात आणि ज्यांना सगळे सर्रास जीआयएफ म्हणतात, ती बहुतांशी एमपी-४ जातीचे छोटे आवाजविरहित व्हिडिओ असतात. ती फोनमध्ये साठवून मेलला जोडली की मेलमध्ये व्हिडिओ जोडला जातो आणि मजकुरात काहीच हलत नाही. मग कुणी फाइलच्या नावाची शेपटी बदलून तिथे 'जीआयएफ' लिहितो. नाव बदलल्याने जात बदलत नाही. तपासायची रीत सोपी आहे : फाइल नोटपॅडमध्ये उघडावी. अगम्य चिन्हांची रांग दिसेल, पण अगदी आरंभीची सहा अक्षरे वाचता येतील. ती 'जीआयएफ८९ए' किंवा 'जीआयएफ८७ए' अशी रोमन लिपीत नसतील तर ती फाइल जीआयएफ नव्हे.

दुसरी नेहमीची चूक कॉपी-पेस्टची. ब्राउझरमधल्या हलत्या चित्रावर उजवी कळ दाबून 'कॉपी' केले की क्लिपबोर्डवर अनेकदा एकच स्थिर फ्रेम येते. चित्र पेंटमध्ये उघडून साठवले तरी तेच होते. फाइलचे नाव आणि शेपटी जागच्या जागी राहतात, बाकीच्या फ्रेम मात्र गळून जातात. म्हणून चित्र आधी फाइल म्हणून साठवावे, ती फाइल ब्राउझरच्या रिकाम्या टॅबवर ओढून टाकावी आणि तिथे ती हलते का ते पाहावे. तिथे हलली नाही तर मेलला दोष देण्यात अर्थ नाही.

फाइल निर्दोष निघाली तर प्रश्न उरतो तो ती मेलमधून कशी गेली याचा. ईमेलची वाहतूक व्यवस्था मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी उभारलेली. चित्र, आवाज किंवा देवनागरी अक्षर तिच्यातून सुखरूप जावे यासाठी नथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम ही पद्धत मांडली. तिच्यातील बेस-६४ या संकेतात फाइलच्या दर तीन बाइटांची चार साधी अक्षरे होतात. म्हणजे तीन मेगाबाइटचे चित्र वाटेत चार मेगाबाइटांहून थोडे जास्त होते. मेल नाकारला जाण्याची मर्यादा मोजताना हा फुगवटा धरावा लागतो आणि तो धरायचे बहुतेक जण विसरतात.

चित्र मेलमध्ये जाते ते दोन वाटांनी. एक तर ते पाकिटातच घातलेले असते आणि मजकुरात त्याची एक खूण असते. नाहीतर चित्र दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असते आणि पत्रात फक्त 'तिथे जाऊन पाहा' असा पत्ता असतो. पहिल्या वाटेत मेल जड होतो पण चित्र बरोबर असते. दुसऱ्या वाटेत मेल हलका राहतो, पण पत्ता चुकला की सगळेच हुकते. आणि पत्ता चुकतो तो ठरावीक पद्धतीने. चित्र पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरच राहिलेले असते आणि मजकुरात 'सी' ड्राइव्हचा पत्ता गेलेला असतो. त्याला स्वतःला ते उत्तम दिसते, जगात दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. किंवा गूगल ड्राइव्हची शेअर लिंक चित्राच्या जागी टाकलेली असते. ती लिंक चित्राची नसून चित्र दाखवणाऱ्या पानाची असते, आणि पान चित्राच्या चौकटीत बसत नाही. किंवा चित्र कचेरीच्या आतल्या सर्व्हरवर असते, जिथे लॉग-इन केल्याशिवाय प्रवेश नाही. "माझ्याकडे तर दिसतंय" हे वाक्य या तिन्ही प्रकारांत ऐकू येते आणि तिन्हींत ते खरे असते. खात्री करायची तर चित्राचा पत्ता ब्राउझरच्या खासगी खिडकीत, कुठेही लॉग-इन न करता उघडावा. तिथे नुसते चित्र, आजूबाजूला काहीही नसताना, दिसले तरच पत्ता बरोबर आहे.

मेल कोणत्या रूपात लिहिला हेही पाहावे लागते. साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेल्या मेलमध्ये चित्राला जागाच नसते. विंडोजवरच्या आउटलुकमध्ये 'रिच टेक्स्ट' रूप निवडलेले असेल तर दुसऱ्या कंपनीच्या मेल-प्रोग्रामकडे पोचताना मजकूर आणि चित्रे मिळून 'विनमेल डॅट' नावाची एक न उघडणारी फाइल होऊ शकते. एचटीएमएल रूप निवडले की हा उपद्रव संपतो.

इथपर्यंतची सगळी कारणे म्हणजे चुका होत्या आणि त्या पाठवणाऱ्या बाजूच्या होत्या. पुढे प्रदेश बदलतो.

रिकाम्या चौकटीमागचे मोठे कारण म्हणजे दूरची चित्रे आपोआप न उतरवण्याचा मेल-प्रोग्रामचा रिवाज. आउटलुकने तो २००३ च्या आवृत्तीपासून पाळला. थंडरबर्डही तो पाळतो. त्याची गरज का पडली हे समजून घेतल्याशिवाय त्याविरुद्ध कुरकुर करणे बरोबर नाही. दूरचे चित्र आणायचे म्हणजे वाचणाऱ्याच्या संगणकाने पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडे मागणी करायची. मागणीबरोबर मेल उघडल्याची वेळ, उपकरणाचा प्रकार आणि आयपी पत्त्यावरून ढोबळ ठिकाण इतकी माहिती जाते. प्रत्येक मेलमधला चित्राचा पत्ता किंचित वेगळा ठेवला की कुणी मेल उघडला हेही कळते. यासाठी चित्र दिसायचीही गरज नसते. एका ठिपक्याएवढे पारदर्शक चित्र पुरते. जाहिरातदारांनी आणि स्पॅम पाठवणाऱ्यांनी या ठिपक्याचा इतका वापर केला की मेल उघडणे म्हणजे नकळत पोचपावती देणे झाले. पत्र वाचले की नाही हे पाठवणाऱ्याला कळवायचे का, हे वाचणाऱ्याने ठरवायचे असते. चित्रे अडवणाऱ्या प्रोग्रामने तो हक्क त्याला परत दिला. एखादे देखणे चित्र त्यापायी अडले तर ती किंमत रास्त आहे.

पुढे यावर मधला मार्ग निघाला. जीमेलने डिसेंबर २०१३ पासून चित्रे आपोआप दाखवायला सुरुवात केली, पण ती गूगलच्या स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून. त्यामुळे वाचणाऱ्याचा आयपी पत्ता पाठवणाऱ्याला दिसत नाही. ॲपलने २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर आणखी पुढची पायरी गाठली : ही सोय चालू असेल तर मेल उघडलेला असो वा नसो, चित्रे मध्यस्थ सर्व्हरमार्फत आधीच उतरवली जातात आणि 'उघडला' या नोंदीला काही अर्थच उरत नाही. या मध्यस्थांचा एक तांत्रिक परिणाम असा, की चित्र आता वाचणाऱ्याच्या जागेवरून मागितले जात नाही. कचेरीच्या आतल्या सर्व्हरवरचे चित्र त्याच कचेरीत बसलेल्या माणसाला जीमेलमध्ये दिसत नाही, कारण ते आणायला गूगलचा सर्व्हर जातो आणि त्याला दार बंद असते.

वाचणाऱ्याला उपाय सोपा आहे. आउटलुकमध्ये लाल फुलीची चौकट आली तर तिच्यातला मजकूर वाचावा. खासगीपणा जपण्यासाठी चित्र उतरवले नाही असे लिहिले असेल तर चित्र सर्व्हरवर बहुधा ठीक आहे. पाठवणारा ओळखीचा असेल तर उजव्या कळीने ते उतरवून घ्यावे. चित्र हलवले, नाव बदलले किंवा पुसले गेले असावे असे लिहिले असेल तर वाचणाऱ्याच्या हातात फारसे काही नसते, पाठवणाऱ्याला कळवावे. वरवर एकसारख्या दिसणाऱ्या या दोन फुल्यांत फरक न केल्याने बराच वेळ फुकट जातो.

आता दुसरा प्रकार : चित्र दिसते, पण गोठलेले. इथे निर्णय वाचणाऱ्याचाही नव्हता. आउटलुकच्या आधीच्या आवृत्त्या मेल दाखवण्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोररचे इंजिन वापरत आणि त्यात जीआयएफ हलत असे. २००७ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ते काढून वर्डचे इंजिन बसवले. कागदावर छापायच्या मजकुरासाठी घडलेल्या त्या इंजिनाने जीआयएफची पहिली फ्रेम दाखवायची आणि बाकीच्या सोडून द्यायच्या असे ठरले. हीच तऱ्हा पुढच्या आवृत्त्यांतही चालू राहिली. २००९ मध्ये मेलची रचना करणाऱ्यांनी ट्विटरवर जोरदार मोहीम चालवली. मेल लिहिण्यासाठी वर्ड हेच उत्तम साधन आहे आणि मेलमधल्या एचटीएमएलचे सर्वमान्य मानक अस्तित्वात नाही, असे मायक्रोसॉफ्टचे उत्तर आले.

या उत्तरातला दुसरा भाग खरा होता. पहिला मात्र टिकत नाही. लिहिण्याचे साधन आणि वाचण्याचे साधन एकच असले पाहिजे असा काही नियम नाही. आपल्या ग्राहकाला लिहिताना सोय व्हावी म्हणून जगभरातून त्याला येणारी पत्रे अर्धवट दाखवायची, हा व्यवहार उलटा आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर मेलच्या आत असणे धोक्याचे होते हे मान्य करावे लागते. २००१ मधला निम्डा हा उपद्रवी प्रोग्राम त्याच्याच एका दोषाचा फायदा घेऊन मेल नुसता उघडताच चालू होई. पण तो धोका टाळायला जीआयएफ गोठवण्याची गरज नव्हती. दूरची चित्रे अडवण्यामागे वाचणाऱ्याचे हित दिसते. पहिली फ्रेम दाखवून थांबण्यामागे तसे काही दिसत नाही.

तक्रार हाताळताना मात्र आधी विचारायचे ते 'कोणते आउटलुक?' हेच. मॅकवरचे, ब्राउझरमधले, फोनवरचे आणि विंडोजसाठीचे नवे आउटलुक वर्डच्या इंजिनावर चालत नाहीत. त्यांत चित्र हलते. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत जुन्या पद्धतीच्या आउटलुकनेही जीआयएफ हलवायला सुरुवात केली आहे, पण तिथे चित्र काही फेऱ्यांनंतर थांबते. म्हणजे 'हलून थांबते' या तक्रारीचे दुसरे कारण इथे सापडते आणि ते फाइलमध्ये नसते. २०१६ च्या आवृत्तीत अडकलेल्या वाचकाला मेल ब्राउझरमध्ये उघडून पाहता येतो. 'ॲक्शन्स'च्या यादीत तो पर्याय असतो.

पाठवणाऱ्याने करायचे काम त्याहून महत्त्वाचे आहे. दिवाळीचे एखादे शुभेच्छापत्र घ्यावे. बारा फ्रेम; पहिली पूर्ण काळी, मग एकेक पणती उजळत जाते, शेवटच्या फ्रेममध्ये सगळी आरास आणि खाली 'शुभ दीपावली'. पडद्यावर हे सुरेख दिसते. पहिल्या फ्रेमवर थांबणाऱ्या आउटलुकमध्ये समोरच्याला ऐन दिवाळीत एक काळा आयत पोचतो. उपाय पाच मिनिटांचा : शेवटच्या, पूर्ण उजळलेल्या फ्रेमची प्रत सर्वांत आधी ठेवावी आणि त्या प्रतीचा थांबा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा ठेवावा. चित्र फिरतेच आहे, त्यामुळे पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही. चित्र थांबले तरी शुभेच्छा पोचतात. वर्डच्या इंजिनासाठी स्वतंत्र स्थिर चित्र देण्याची तांत्रिक सोयही आहे, पण दोन चित्रे सांभाळण्यापेक्षा एकाची पहिली फ्रेम नीट करणे केव्हाही बरे.

रखडणाऱ्या चित्राचे कारण बहुधा वजन असते. जीआयएफमध्ये प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात आणि आधुनिक व्हिडिओसारखे दाबण्याचे तंत्र त्यात नाही. त्यामुळे पडद्यावरची काही सेकंदांची हालचाल टिपली तरी फाइल कित्येक मेगाबाइटांची होते आणि धिम्या जोडणीवर फ्रेम एकेक करून उतरत राहते. रुंदी कमी करणे, फ्रेम गाळणे आणि हलणारा भाग सोडून बाकीचा स्थिर ठेवणे, याने वजन झपाट्याने उतरते. दुसरे कारण उलट्या जातीचे आहे. दोन फ्रेममधला वेळ सेकंदाच्या शतांश भागांत लिहिला जातो. तो शून्य किंवा एक ठेवला तर चित्र अतिवेगाने पळेल असे वाटते, पण ब्राउझर इतका छोटा आकडा न मानता त्या जागी दहा शतांश धरतात आणि चित्र मंदावते. दोनच्या खाली जाऊ नये.

काही वाचकांनी हालचाल जाणूनबुजून बंद केलेली असते. आयफोनमध्ये आयओएस १७ पासून हलती चित्रे आपोआप न चालवण्याचा पर्याय सुलभतेच्या सेटिंगमध्ये आहे. थंडरबर्डमध्येही चित्र एकदाच किंवा मुळीच न हलवण्याची सोय आहे. अर्धशिशी, चक्कर किंवा एकाग्रतेचा त्रास असलेल्या माणसाला कोपऱ्यात सतत लुकलुकणारे चित्र नको असते, आणि अपस्माराच्या काही रुग्णांना झपाट्याने उघडमीट करणारा प्रकाश प्रत्यक्ष अपाय करतो. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे आणि काहीही सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकू नये, असे वेबच्या सुलभतेचे निकष सांगतात. मेलमध्ये थांबवण्याचे बटण देता येत नाही. म्हणून पाच सेकंदांत आपणहून थांबणारे चित्र हेच तिथे सभ्यपणाचे. नेटस्केपची ती फेऱ्यांची संख्या शून्यावर ठेवण्याऐवजी तीन ठेवली तरी पुष्कळदा काम होते.

मराठीत या प्रश्नाला एक जास्तीचा पदर आहे. युनिकोड रुळण्याआधी देवनागरी मजकूर ज्या फाँटमध्ये लिहिला तोच फाँट समोरच्याकडे नसेल तर अक्षरांचा काला होई. त्यावर तोडगा म्हणून निमंत्रणे, परिपत्रके, कार्यक्रमपत्रिका चित्राच्या रूपात पाठवण्याची सवय लागली. फाँटची अडचण केव्हाच मिटली, सवय राहिली. संमेलनाची तारीख, सभागृहाचा पत्ता, संपर्काचा क्रमांक सगळे चित्रात, आणि मेलच्या मजकुरात 'सोबत पाहावे' एवढेच. असे चित्र अडले की सगळा निरोप अडतो. शिवाय ते शोधता येत नाही, त्यातला पत्ता नकाशात टाकायला उचलता येत नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर त्यावरून नुसता पुढे जातो. हलत्या चित्रात तर तारीख तीन सेकंद दिसून नाहीशी होते. चित्राबरोबर पर्यायी मजकूर लिहिण्याची जागा असते. तिथे 'चित्र १' न लिहिता चित्रात जे आहे ते मराठीत लिहावे. आणि तारीख, वेळ, ठिकाण मेलच्या मजकुरात युनिकोडमध्ये असलेच पाहिजे, चित्र कितीही देखणे असो.

जीआयएफपेक्षा चांगली स्वरूपे नाहीत असे नाही. एपीएनजी २००४ पासून आहे, वेबपी २०१० पासून. दोन्हींत रंग भरपूर आहेत. ब्राउझरांनी ती स्वीकारली, मेल-प्रोग्रामांत मात्र त्यांचा भरवसा धरता येत नाही. मेलमध्ये थेट चालणारा व्हिडिओ तर मोजक्याच ठिकाणी चालतो. त्यामुळे १९८९ चे हे जुने, मर्यादित स्वरूप सर्वांत जास्त ठिकाणी हलणारे म्हणून टिकून आहे. आउटलुक २०१६ आणि २०१९ यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण आधार संपला म्हणून कचेऱ्यांतले संगणक दुसऱ्या दिवशी बदलत नाहीत. जुन्या पद्धतीचे आउटलुकही मायक्रोसॉफ्ट किमान २०२९ पर्यंत चालू ठेवणार आहे. तोवर पाठवणाऱ्याने मेल रवाना करण्याआधी तो स्वतःच्याच दुसऱ्या खात्यावर, चित्रे बंद ठेवून, एकदा वाचून पाहावा.